बिनआडनावाची खोली

हिंमतराव माझा धाकटा भाऊ. तो एकसष्ट वर्षांचा, मी चौऱ्याहत्तर. आई लवकर गेली, म्हणून त्याला मीच, मोठ्या बहिणीने, वाढवलं. नऊ वर्षांचा असताना भिजत घातलेली मोहाची फुलं मूठभर खाऊन तो शेळ्यांच्या गोठ्यात घोरत पडला होता, तेही मला आठवतं. तेव्हा आमचं सगळं रनाळे गाव हसलं होतं. मीसुद्धा.

आता त्याच्या मयूरीचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, ठरलंय. तिने बापाला तोंडावर सांगितलं, अण्णा, तोवर एकदा जरी पिऊन दिसलात तर कन्यादान मामा करेल. हिंमतराव दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ते दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचं म्हणतात ना, तिथे जातो. पण जिजी, तू बरोबर चल.

मयूरीने मोबाइलवर शोधून दिलं होतं. नंदुरबार, दर गुरुवारी दुपारी चार वाजता, मिरची बाजाराजवळ. बस, एवढंच.

नंदुरबारला उतरलो तर रिक्षावाल्यांना काही ठाऊक नाही. पानवाल्याने आम्हाला एका लग्नाच्या हॉलवर धाडलं. तिथल्या माणसाने दवाखान्याकडे बोट दाखवलं. कुठे पाटी नाही, बाण नाही. हिंमतरावाचा चेहरा मात्र दर नकारागणिक खुलत होता.

"नही सापडी ऱ्हायनं, जिजी," तो म्हणाला. "चाल, घर जाऊत."

मी जरा विचार केला. गिऱ्हाईक कुठे गेलं हे, ज्याचं गेलं त्यालाच पक्कं माहीत असतं. मी सरळ दारूच्या दुकानासमोर गेले. तिथे सुपडू नावाचा एक जण उकडलेली अंडी आणि तळलेले चणे विकत बसला होता. हिंमतराव माझ्यामागे लपायला पाहत होता, पण सुपडूने त्याला बघताच न विचारता दोन अंडी सोलून कागदावर ठेवली, वर मीठ-तिखट टाकलं. हिंमतराव म्हणाला, हा माणूस कोण, मी ओळखत नाही.

मी सुपडूला मीटिंगचं विचारलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"मिरचीनी पथारीमांगे, शाळानी जुनी खोली," तो म्हणाला. "मन्हा सात गिऱ्हाईक तठेच गयात. एकबी परत उना नही."

अंडी मी खाल्ली. वाया कशाला घालवायची?

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. नजर जाईल तिथवर लाल. लग्नाआधी मी आणि दगूबाई तिथे बसून मिरचीचे देठ खुडायचो. संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची की दोघी ताकात बोटं बुडवून गप्पा मारत बसायचो. दगूबाईसारखी हसणारी बाई पुन्हा भेटली नाही.

शिंकत शिंकत आम्ही खोलीत शिरलो. सात जण गोल करून बसले होते, हातात चहा. मधल्या माणसाने आपलं नाव नवनीत सांगितलं. मी रीतीप्रमाणे विचारलं, कुठले तुम्ही, कोणाचे? तो हसला आणि म्हणाला, "आजी, इथे नुसतं नाव चालतं. गाव, आडनाव, कोण कुणाचा, काही नाही."

मी बरं म्हटलं आणि बसले. पण समोरच्या पोराने नाव जगदीश सांगितलं, आणि त्याची ती हनुवटी. मधोमध तशीच खळी. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अरे, तू दगूबाईचा नातू ना?"

जगदीशचा चहा सांडला. त्याच्या शेजारच्याने घाईघाईने उपरणं तोंडावर घेतलं. पण कानांवरून मी त्यालाही ओळखलं होतं.

नवनीतने हात जोडले. म्हणाला, ही खोली फक्त व्यसन सोडायला आलेल्यांची आहे, घरच्यांनी बाहेर थांबावं. चूक माझीच होती. मी उठले. तर हिंमतरावही उठला.

"जिजी बाहेर, त मी बी बाहेर."

त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलाही होता. इथून तो थेट सुपडूकडे जाणार, हे त्या सातही जणांना कळत होतं. मयूरीचा मामा नवं धोतर घेऊन मांडवात बसलेला माझ्या डोळ्यांपुढे आला. एवढ्यात हिंमतरावाच्या डोळ्यांत, तो नऊ वर्षांचा असताना चमकायचं तसलं काहीतरी चमकलं.

"हिले बी व्यसन शे," तो नवनीतला म्हणाला. "कंबरमा मिशरीनी डबी शे. साठ वरीस व्हयनात दात घासी ऱ्हायनी."

कोणीतरी फिसकन हसलं. बहुतेक जगदीश. दगूबाईचंच हसू.

नवनीतने हातातला पेला खाली ठेवला. मग हळू विचारलं, "सोडायची इच्छा आहे का, आजी?"

नव्हती. अजिबात नव्हती. हिंमतरावाचा पाय अजून उंबऱ्याबाहेरच. मी कनवटीची पितळी डबी काढली आणि चहाच्या पेल्यांशेजारी ठेवली. तो पाय आत आला.

त्याला आता पाच गुरुवार झाले. खोलीत मी कुणाला ओळखत नाही. जगदीश मला शिंकताना आधार देतो, मी त्याला विचारते, बाळा, तू कोण? पूर्वी रोज सकाळी मी हिंमतरावाचं तोंड हुंगायची. आता आखाजीपर्यंत तोच उजाडता उजाडता माझ्या ओट्यावर येऊन उभा राहतो.

"दात दखाड, जिजी."