चुलीच्या देवाचा मध

शेजारच्या लिन आजींच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर एक कागदी देव चिकटवलेला असतो. लांब दाढी, लाल झगा. तो घरातलं सगळं बघतो आणि चिनी नववर्षाच्या आठवडाभर आधी वर जाऊन मोठ्या देवाला सांगतो. म्हणून निघण्याआधी त्याच्या ओठांना मध चोपडायचा, म्हणजे तो गोडच बोलतो. मग चित्र जाळायचं, की देव धुराबरोबर वर. घराघरांत भांडणं होतातच, ती वर कशाला कळवायची, असं आजींचं म्हणणं.

हे त्या इंग्रजीत सांगत होत्या आणि मी आईला मराठीत. दोन हजार अठराचा फेब्रुवारी होता. इथे तेव्हा उन्हाळा असतो; तेवढ्यापुरती हेन्डरसनला माझ्याकडे आलेली आई दुसऱ्या दिवशी पुण्याला परत निघणार होती. तिला ही पद्धत फार आवडली. आजींनी तिच्याच हातून देवाला मध लावून घेतला. बॅकयार्डात जुन्या तव्यावर चित्र जळत होतं तेव्हा ती हात जोडून उभी राहिली. माझं डोकं मात्र तिथेच तापलं. वर्षभर डोळ्यांदेखत सगळं बघायचं आणि बोटभर मधावर गप्प बसायचं, हा कसला देव?

कारण आमच्या स्वयंपाकघरात आईनेही सगळं बघितलं होतं. आमटी खारट झाली म्हणून माझ्या नवऱ्याने, शिरीषने, पातेलं सिंकमध्ये उपडं केलं, ते तिच्यासमोर. ‘हिला फार्मसीत ठेवतात तरी कसे’ म्हणून पाहुण्यांत हसला, तेही. रागावला की हा माणूस गाडीची किल्ली लपवतो आणि मी कामावर जायला बसमागे धावते. फोनवर बाबांना सांगितलं की ते म्हणायचे, जरा सांभाळून घे, एवढा चांगला मुलगा आहे. त्यांचा विश्वास आईवर. ती आली तेव्हा मला वाटलं, चला, साक्षीदार मिळाला. ‘तू केव्हाही घरी ये’ एवढंच मला बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

संध्याकाळी शिरीषने मानुका नावाच्या इथल्या झुडपाच्या मधाच्या बाटल्या आणल्या. भारीतल्या. टॉवेलात गुंडाळून स्वतः आईच्या बॅगेत ठेवल्या. मग बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ओट्यावर टेकवून ठेवला.

“सांगा आई, जावयाने कसं ठेवलं तुम्हाला?”

मी आईकडे बघत होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे.

“अहो, शिरीषराव अगदी सोन्यासारखे आहेत,” ती बाबांना म्हणाली. “आपली स्वरदाच जरा तापट आहे.”

मी म्हणत नव्हतो का, असं म्हणून बाबा हसले. शिरीषही हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्यापेक्षा आईचा राग आला मला. सिंकमध्ये अडकलेली आमटीतली डाळ तिने त्या दिवशी बोटांनी वेचून काढली होती, आणि आता त्याच बोटांनी केस सारखे करत ती गोड हसत होती.

मी फोन उचलला. शिरीषने हात पुढे केला, तशी मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

“बाबा, आईच्या तोंडाला मध लावलाय,” मी म्हणाले. “आता माझ्याकडून ऐका.”

मागून आई हळूच म्हणाली, अगं, उद्या निघायचंय मला, आज नको. बाबांचं हसू थांबलं होतं. मी आमटीपासून सुरुवात केली.