मुलाण्याचा भंडारा

"अरं, तुला भंडारा लागूच न्हाई!" गेणबा एवढं बोलला आणि मोठा गुंता सोडवल्यासारखा हसला.

त्याच्या अंगणातल्या बाजेवर टेकलेला रहीम मुलाणी उठून उभा राहिला. सकाळपासून त्याचं बूड एका जागी टिकत नव्हतं. शाळेत मतदान सुरू झालं होतं. मत द्यायला म्हणून तो घरातून निघायचा आणि टपरीपासून परत फिरायचा. शेवटी पाय गेणबाच्या दारात घेऊन आले. गेणबा बिरोबाचा भगत. देवाचं काही अडलं की वाडी त्याच्याकडं यायची, आणि रहीमचं देवापाशीच अडलं होतं.

झालं होतं असं, की अर्ज भरायच्याही आधी भिमाजीनं घरटी एक कर्ता माणूस देवळात बोलावला होता. न्हावऱ्याच्या अलीकडची ही एवढीशी वाडी, आणि भिमाजी तिचा कारभारी. त्याला विचारल्याशिवाय वाडीतलं कुत्रंही भुंकायचं नाही. ग्रामपंचायतीत बायकांच्या राखीव जागेवर त्याची सून रुपाली उभी राहणार होती. रुपाली बिचारी कधी उंबऱ्याबाहेर दिसायची नाही. पण तिनं फक्त सही करायची होती, बाकीचं बघायला सासरा खंबीर होता. देवापुढं ताटात भंडारा ठेवलेला. एकेकानं पुढं व्हायचं, चिमूटभर हळद उचलायची, 'मत रुपालीला' म्हणायचं आणि कपाळाला लावायची. भंडारा उचलून शब्द फिरवला तर देव घर धुऊन नेतो, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. रहीमनंही उचलला. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. जत्रेतलं पहिलं बकरं कापायचा मान त्याच्या घराण्याचा. आज्यापणज्यापासून मुलाण्याच्या कपाळाला भंडारा लागत आला होता.

आणि आठवडा उलटायच्या आत त्याच्याच बायकोनं, खुर्शिदनं, त्याच जागेसाठी अर्ज भरला.

खुर्शिद दौंडची. रेल्वेच्या गावात वाढलेली, बोलायला कुणाला भ्यायची नाही. घरात शिलाई मशीन होतं. झंपर शिवायला येणाऱ्या बाया मापं देता देता रडगाणं गायच्या. नवी टाकी भिमाजीच्या मळ्याला लागून झाली होती. पाणी आधी त्याच्या गोठ्याला, मग वरच्या आळीला, आणि खालच्या आळीच्या नळाला नुसती हवा. गेणबाची बायको कुशाबाई एक दिवस म्हणाली, "खुर्शिद, तूच ऱ्हा उभी. तुझ्यावानी तोंड आमाला न्हाई." बाकीच्या बायांनी उचलून धरलं आणि ही शिरूरला जाऊन अर्ज भरून आली.

"मला इचारलं न्हाईस?" रहीम म्हणाला होता.

"तुम्ही मला इचारून भंडारा उचलला व्हता?"

"शबुद दिलाय मी, खुर्शिद."

"कुणाला दिलाय ते बघू नका, कशापायी दिलाय ते बघा. म्हाताऱ्या बाया अजून हिरीवर घागरी वडत्यात. ते दिसत न्हाई व्हय तुमच्या शब्दाला?"

तिचं खरं होतं. पण सोयीचा असेल तेवढाच पाळायचा तर तो शब्द कसला, हे बापानं त्याच्या अंगात भिनवलं होतं. त्या दिवसापासून घरात भांडण झालं नाही, तेच वाईट झालं. खुर्शिद वाडीतल्या घराघरांत मत मागत फिरली. फक्त आपल्या घरात तिनं मागितलं नाही.

"आमचा देव तुझ्या घरावर कशाला यील?" गेणबा आता समजावत होता. दोघांनी पोरपणी एकत्र मेंढरं वळलेली. त्याच्या बोलण्यात मायाच होती. "तू मुसलमान मानूस. तुझा देव निराळा. बिनघोर जा आन् बायकोला मत देऊन टाक."

"मग जत्रंत बकरं कापतो तवा?"

"तवाचं येगळं."

"कसं येगळं?"

गेणबा जरा अडखळला. "ते... ते तुझं काम हाय."

"काम? आजपातूर मान म्हणत हुता."

"मानच रं! शबदात कशाला धरतोस? मी तुला सोडवाय बगतोय तर..."

रहीम अंगणाबाहेर पडला. गेणबानं सोडवलं होतं हे खरं, पण इतक्या सहज सोडवलं हेच त्याला लागलं. भिमाजी असं बोलला असता तर त्यानं मनावर घेतलं नसतं. ज्याच्या पानात जेवलो, ज्याच्या बापाच्या मयताला खांदा दिला, तो म्हणतो तुला लागू नाही. म्हणजे इतकी वर्षं कपाळाला लागली ती नुसती हळद? त्याला ओरडून भांडावंसं वाटत होतं, पण कुणाशी भांडणार?

शाळेपुढं फक्कीची रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडं भिमाजी आपल्या माणसांत उभा होता. रहीमला बघून त्यानं आवाज मुद्दाम चढवला.

"मुलाण्याचं काय इचारता? त्यो बायकूलाच देणार. त्येंच्यात कसला आलाय भंडारा!"

माणसं हसली. रहीम मान खाली घालून आत गेला. बोटाला शाई लागली, हातात कागद आला. आडोशाला जाऊन त्यानं कागद उघडला. खुर्शिदची कपबशी वर होती, रुपालीची छत्री खाली. घागर घेऊन जाणाऱ्या बाया त्याला आठवल्या, खुर्शिदचं गप्प तोंड आठवलं. शिक्का धरलेला हात कपबशीवर गेला. इथं कोण बघतंय, असं मन म्हणालं. कोणीच बघत नव्हतं, तीच पंचाईत होती. त्यानं हात खाली आणला आणि छत्रीवर शिक्का मारला.

तो बाहेर आला तेव्हा खुर्शिद बायांबरोबर लिंबाखाली उभी होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पदर सावरत दुसरीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी शिरूरला मतमोजणी झाली आणि खुर्शिद निवडून आली. बायांनी गुलाल उधळला. भिमाजीचं तोंड उतरलं, पण ते दिवस मावळेपर्यंतच. सकाळी पारावर त्याला कारण सापडलं: मुलाण्यानं भंडारा मोडला. कालपर्यंत ज्याला भंडारा लागूच नव्हता, त्यानं आज तो मोडला होता! आणि ज्यांनी खरोखर मोडला होता, ते सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. रहीम कुणाला काय दाखवणार? शिक्का मारलेला कागद परत थोडाच हातात मिळतो?

जत्रा जवळ आली तसा गेणबा दारात आला. बस म्हटलं तरी बसेना.

"रहीम, वाडीचं ठरलंय. औंदा बकरं कापाय निमोण्याचा मानूस यील. माझं काय चाललं न्हाई बाबा."

रहीमनं नुसती मान हलवली. मशीनवर बसलेली खुर्शिद उठून दारात आली.

"भावजी, ह्यांनी मत छत्रीला दिलंय."

"आता तू नवऱ्याची बाजू घेनारच की."

"बाजू? माझ्या इरुद्द मत दिलंय ह्यांनी! मला दिलं असतं तर त्या दिवशी ह्यांच्या घशाखाली घास उतरला असता. भंडारा कुणी कुणी मोडला, ते मतं मोजल्यावर समद्यांस्नी कळलंय, भावजी. घरटी मानूस उचलून गेला हुता, मग नुसत्या बायांच्या मतांवर मी आले कशी निवडून?"

गेणबा खाली बघत राहिला. पायानं त्यानं उगाच माती सारखी केली. "ठरलंय त्ये ठरलंय," असं पुटपुटून तो निघून गेला.

खुर्शिदनं मशीनवरचं कापड आवरलं.

"तुला राग न्हाई आला माझा?" रहीमनं विचारलं.

"आला की. लई आला. अजून हाय." तिनं पिशवी उचलली. "चला, पयली मिटिंग हाय माझी. पाण्याचा इषय घ्यायचाय, उशीर नको."

रहीमनं एम-एटी काढली. खुर्शिद मागं बसली. पारावरच्या माणसांनी गाडी येताना बघितली आणि बोलणं थांबवलं. निमोण्याचा माणूस किती घेणार, याचीच चर्चा चालली असावी. रहीमनं तिकडं बघितलं नाही. पुढं बिरोबाचं देऊळ आलं, तसा त्यानं हँडलवरचा एक हात काढला, कपाळाला लावला आणि क्षणभर तिथंच ठेवला.

खड्ड्यात गाडी हेलपाटली. खुर्शिदनं त्याचा खांदा घट्ट धरला.

"दोन्ही हातांनी चालवा," ती म्हणाली. "पाडाल मला."