टेकाडाखालची रिकामी खोली

"रेघाताई, मोजायची फीत ताण जरा, झोल पडतोय!" बाई खालून ओरडल्या, तशी ती भानावर आली. टेकाडावरचं गवत वाऱ्याने एका अंगाला निजत होतं आणि तिला वाटत होतं, आपण जमिनीवर नाही, संथ पाण्यावर उभ्या आहोत.

खोदकामात निघालेला दगड न् दगड कागदावर उतरवायचा, हे तिचं काम. म्हणून ती रेघाताई. बाई तिच्या साहेब. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी रचलेल्या या दफनाच्या टेकाडातल्या खोलीवरची शिळा आज बाजूला सरकवली होती.

रेघाताई आत उतरली. खोली रिकामी.

"चोरांनी नेलं असेल, बाई."

"छे गं. तळाची माती कुणी हलवलेलीच नाही. इथे कुणाला ठेवलंच नव्हतं. माणूस परतलाच नसेल. पण घरच्यांनी जागा केली त्याच्यासाठी."

रेघाताईची पेन्सिल थांबली. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच; ना बोट आली, ना तो. मागे ती आणि सासू.

दुपारभर ती एकेक दगड कागदावर काढत राहिली. वर वारा लाटांसारखा येत-जात होता. डोळे जड झाले आणि तिला दिसलं, तो इथे कुशीवर झोपलाय, पाय थोडे दुमडून. जागा त्याला पुरत होती.

संध्याकाळी तिने सासूला सगळं सांगितलं. "परवा बुजवणार, आई. आत आपल्या काळाची एखादी खूण ठेवतात. पुढे कुणी उकरलं तर कळावं, आधी कुणीतरी येऊन गेलंय. बाई नाणं टाकतात."

"नाणंच लागतं?"

"तसं काही नाही."

सासू उठली. कपाटातून लेकाचे काळे बूट काढून तिने सुनेच्या मांडीवर ठेवले. चकचकीत होते.

"मला आता वाकून पुसवत नाहीत गं," ती म्हणाली.

बुजवायच्या दिवशी सासूही आली. बाईंनी बुटांकडे पाहिलं आणि नाणं परत खिशात टाकलं. रेघाताईने आत उतरून बूट जोडीने ठेवले आणि ती वर आली. मजूर साखळीने शिळा खाली सोडू लागले.

"सावकाश रे," सासू म्हणाली.

शिळा टेकली. मजुरांनी फावडी उचलली, तोवर सासू खाली बसून ओंजळीने माती लोटू लागली होती. रेघाताई तिच्या शेजारी बसली. दोघी लोटत राहिल्या. मजूर फावडी टेकवून उभे राहिले. कुणी घाई केली नाही.