सगळा ओटा एकसारखा

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. कापडावरचा कसलाही डाग ते बघता बघता घालवायचे, त्यामुळे दगड तो काय, असा त्यांचा समज. तिथेच सगळा घोळ झाला.

बायको आठवडाभर तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली होती. बहीण बेकरी काढत होती, तिला तीन महिने हिचा हात हवा होता. हिच्याही मनात जायचं फार. पण मास्तरांच्या जिवावर घर सोडायचं म्हटलं की पाऊल उचलेना. शेवटी तिनं अट घातली. "आठवडाभर एकटे राहून दाखवा. घर जसंच्या तसं सापडलं तर जाईन. नाहीतर राहिलं." मास्तरांनी छाती ठोकून हो म्हटलं. तिनं जावं असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं, बरं का. माणूस बाकी कसाही असो, त्या बाबतीत खोट नव्हती.

ती यायच्या दिवशी सकाळी त्यांनी तेलाची बाटली उचलली, तर खाली काळपट गोल डाग. तोही संगमरवरी ओट्यावर! बायको त्यावर पीठ मळायची आणि कुणी साधा कप टेकवला तरी डोळे वटारायची. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, फोन लावला.

"खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जाड लेप दे," आक्का म्हणाली. "वर प्लास्टिक चिकटव आणि उद्यापर्यंत हात लावू नकोस. तेल हळूहळू ओढून घेतो तो."

"उद्या? अगं, ती आज येतेय!"

"मग सांग तिला खरं. खाणार आहे का ती तुला?"

मास्तरांनी लेप दिला खरा, पण सारखं प्लास्टिक उचलून बघायचे. दुपारी धीर सुटला. लेप पुसला आणि लिंबू चोळलं. फसफस झाली तेव्हा तर गडी खूश! मळ निघतोय म्हणे. मळ कसला, दगडच झिजत होता. पुसून बघतात तर डाग जागच्या जागी आणि भोवतीची ताटाएवढी जागा खडूसारखी निस्तेज.

दुसरा कुणी असता तर इथेच कानाला खडा लावून थांबला असता. मास्तर पडले कारागीर. शर्टाची एक बाही विटली तर ते सगळा शर्टच विटवून द्यायचे, आणि गिऱ्हाईक तो नवी फॅशन म्हणून मिरवायचं. त्यांनी पिशवीभर लिंबं आणली, बाह्या सरसावल्या आणि ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून काढला. डागावर बाटली ठेवून दिली.

आक्का डोकावायला आली ती दारातच थबकली. "अरे देवा! हे काय?"

"एकसारखा झाला की नाही?"

"झाला ना. मघाशी ओट्यावर डाग होता, आता सगळा ओटाच डाग आहे." हसून हसून तिला ठसका लागला.

मास्तरांना मात्र हसू येईना. ते स्टुलावर बसले. "आक्का, माझ्यापायी तिचं जाणं हुकणार गं," म्हणाले. मग आक्कानंही हसू आवरलं आणि पिळलेली लिंबं गोळा करायला घेतली.

संध्याकाळी बायको आली ती बॅग हातात घेऊनच स्वयंपाकघरात. तिनं ओट्यावरून तळहात फिरवला. मास्तरांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं, बाटली उचलून खालचा डागसुद्धा दाखवला.

ती पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून मास्तर पुढे झाले, तर बाई हसत होती.

"अहो, तुमची काळजी होती कुणाला? माझा जीव या ओट्यात अडकला होता. आता जपायला राहिलंय काय? परवाच निघते."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "जा, खुशाल जा!" म्हणाले. ती आत जाऊन बहिणीशी फोनवर उत्साहानं बोलू लागली, आणि ते ओटा पुसत बसले. तीन महिने म्हणजे किती, हे त्यांच्या आत्ता कुठे नीट ध्यानात आलं.

"अगं, परवाच?" त्यांनी हाक मारली.

"का हो? अजून काही नासवायचं राहिलंय?"

"नाही. मला करमणार नाही, एवढंच."

मग ती हळूच बहिणीला म्हणाली, "ठेव गं, मी मागाहून करते."