शरदसंपाताची पारख

मी औषधांच्या दुकानातला तराजू बोलतोय. वजन मी चोख सांगतो. आठवणींचं मात्र खात्रीनं सांगवत नाही. दुकान चालवणाऱ्या मिआओताईंच्या केसांतली पांढरी बट त्या वर्षी होती की नंतर आली, हे अजूनही मला ठरवता येत नाही.

हाडाची दांडी, एकच पारडं आणि दांडीवरून सरकणारं पितळी वजन, एवढाच माझा देह. गे काकांनी मला घडवलं आणि ताईंच्या सासऱ्यांना दिलं. त्यांच्यामागून मी ताईंच्या हाती आलो. सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी तोलताना वैद्यांच्या चिठ्ठ्या कानावर पडत. त्यातून थोडी विद्या चिकटली, आणि विद्येबरोबर शंकाही.

त्या वर्षी यिन मावशींचा मुलगा बाओशेंग सांधे धरून पडला होता. ताईंनी त्याच्यासाठी तीन पुड्या बांधल्या. प्रत्येकीत तीन छिएन, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम, बचनाग; तो जास्त झाला तर विष, म्हणून दिवसाला एकच पुडी उकळायची. दुसऱ्याच दिवशी त्याची जीभ बधिर झाली, हातपाय थरथरू लागले. ताईंचा तराजू खोटा आहे, अशी कुजबुज बाजारभर झाली.

शरदसंपात चार दिवसांवर होता. दिवस आणि रात्र सारखी होतात त्या दिवशी गावातले सगळे तराजू पारखायचे, ही आमची रीत. खोटा निघाला, तर गे काका त्याची दांडी सर्वांदेखत गुडघ्यावर मोडत. मी मोडलो तर पुन्हा औषधाला हात लावायचा नाही, असं ताईंनी ठरवलं होतं.

आणि तरी आदल्या संध्याकाळी, दरवर्षीच्या सवयीनं, त्यांनी माझं वजन राखेनं घासून लख्ख केलं.

सकाळी मासेवाला होउ ते पाहून म्हणाला, "घासलंत कशाला? वजनावर मळ चढला की औषध जास्त जातं. तुम्ही तर पुरावाच धुऊन आणलात."

"तुमच्यासारखे खवले चिकटवून आणायला हवे होते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला गे काकांपुढे धरलं.

गे काकांनी मला उचललं. दांडी डुलली, थबकली, आडवी झाली.

"आज खरा आहे," ते म्हणाले. "कालचं मी कसं सांगू?"

मी वाचलो. बाओशेंगही आठवड्यात उठून बसला. ताई पुन्हा तोलू लागल्या, पण प्रत्येक पुडी दोनदा. तो दुसरा तोल मला टोचत राहिला.

पुढे दुकानात नवा काटा आला आणि मी भिंतीवर गेलो. तिथून माणसं नीट दिसतात. घाई सगळ्यांनाच असते, बरं होण्याचीसुद्धा.

अकरा वर्षांनी, शरदसंपाताच्याच सकाळी, यिन मावशी रानभाजीची जुडी आणि एक बंद बरणी घेऊन आल्या.

"ताई, तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही," त्या म्हणाल्या. "शरदसंपाताला चिमण्यांच्या चोची चिकटून पीक वाचावं म्हणून बांधावर चिकट भाताचे गोळे रोवायचे असतात ना, त्या दिवसापर्यंत पोरगं उभं राहावं म्हणून मी दोन पुड्या एकदमच उकळल्या. तिसरी घाबरून या बरणीत तशीच ठेवली."

ताई रागावतील असं वाटलं. त्यांनी फक्त स्टूल पुढे सरकवलं. मग पुडी सोडून त्यातला बचनाग वेचला, नव्या काट्यावर तोलला, आणि मला खाली काढलं.

दोघांवरही तीन छिएनच भरला.