बर्फाच्या कारखान्यातल्या इंजिनाचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात, मागच्या शेडमध्ये, सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी जखडलेला उभा आहे. माझ्या जोरावर कंप्रेसर फिरतो, आणि तो फिरतो म्हणून पाण्याच्या लाद्या गोठतात. त्या लाद्यांवर मासळी टिकते, पण मासळी खाणाऱ्यांना माझी खबरही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे गाऱ्हाणे वेगळेच आहे.

मी इथे आलो तेव्हा मला तात्या सांभाळत. सकाळी आल्यावर आधी मी, मग चहा. ऑइलची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून पाहायची. रेडिएटरचे झाकण मी थंड असतानाच उघडायचे. जमिनीवर एखादा थेंब दिसला, की तो कुठून आला याचा छडा लावल्याशिवाय ते मला सुरू करत नसत. माझ्या आवाजावरून त्यांना माझी तब्येत कळे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे तात्यांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी त्यांचे जावई आले. त्यांना सगळे जावईबापूच म्हणतात, अगदी मालकसुद्धा. माणूस वाईट नाही, कष्टाला मागे हटत नाही. पण नजर वरवरची. आल्या आल्या त्यांनी मला हिरवा रंग दिला. इतका मन लावून दिला, की ऑइलची पट्टीसुद्धा रंगात चिकटून बसली.

मालक म्हणाले, "वा, नवं कोरं दिसतंय की."

जावईबापू फुलले. आत माझा जीव गुदमरत होता, ते कोणाला दिसणार?

एअर फिल्टर धुळीने बुजला, म्हणून मी काळा धूर सोडला. जावईबापू म्हणाले, "हल्ली डिझेलच खराब येतंय." मी तापलो, तर म्हणाले, "ऊनच किती आहे." पाण्याचा पाइप ठिबकू लागला, तर त्यांनी खाली डबा ठेवला. मित्रांनो, मला तोंड नाही. धूर, थेंब आणि आवाज एवढीच माझी भाषा. ती रोज बोलत होतो, पण सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

मग माझा बेल्ट किंचाळू लागला. तात्यांची लेक, म्हणजे जावईबापूंची बायको, याच कारखान्यात लाद्या काढायचे काम करते. ती म्हणाली, "अहो, बेल्ट ओरडतोय. ऐकू येत नाही का?"

"जुनं झालंय, कुरकुरणारच. तुझ्या वडिलांसारखं."

"वडील कुरकुरतात, कारण त्यांचं कोणी ऐकत नाही."

एका दुपारी मला बंद करून जावईबापू जेवायला गेले. ती पाना घेऊन आली. वडिलांनी लावलेल्या सवयीप्रमाणे तिने आधी बॅटरीची वायर सोडवली. मग बेल्टवरची जाळी काढली, खाली बसली आणि कोपरापर्यंत हात आत घालून बेल्टची मागची बाजू चाचपू लागली. तिथे भेग पडली होती.

तेवढ्यात तिकडे कारखान्याच्या पुढच्या दारातून मालक ओरडले, "गाड्या खोळंबल्यात, इंजिन चालू करा." जावईबापू तोंड पुसत धावत आले. ते चावीच्या बाजूला, ती पलीकडे माझ्या आड. बाहेर ट्रकची घरघर चाललेली, त्यामुळे दोघांनाही एकमेकांची चाहूल लागली नाही. त्यांनी चावी फिरवली.

मला सगळे दिसत होते. पण वीज पोचली असती तर मी फिरलोच असतो. नको म्हणायची सोय माझ्यात नाही. वायर सुटी होती, म्हणून मी गप्प राहिलो. त्यांनी पुन्हा चावी फिरवली.

"आताच मरायचं होतं का याला," असे म्हणत त्यांनी मला लाथ मारली आणि बॅटरी पाहायला ते पलीकडे आले. तिथे त्यांना बायकोचा हात दिसला.

ते चावी उपटून घेऊन आले आणि तिच्यापाशी खाली बसले. तिने हात बाहेर काढला. काय झाले ते तिला त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळले.

"सुरू करण्याआधी हाक तरी मारायची," ती म्हणाली.

"तू तरी सांगायचंस."

"इतके दिवस मी सांगतच होते ना?"

मालक पुन्हा ओरडत आत आले. जावईबापू उठले आणि म्हणाले, "आज बर्फ मिळणार नाही. बेल्ट बदलल्याशिवाय हे सुरू होणार नाही." मालक चिडले, गाड्या रिकाम्या परत गेल्या, पण जावईबापू हलले नाहीत.

बेल्ट नवा आला. फिल्टर बदलला, पाइपही बदलला. आता जो जाळी उघडतो तो आधी वायर सोडवतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. हे चांगलेच झाले. तरी माझा राग गेलेला नाही. मी इतका धूर ओकलो, इतका ठिबकलो, तेव्हा कोणी ढुंकून पाहिले नाही. एक हात जाता जाता वाचला, तेव्हा कुठे डोळे उघडले.

मित्रांनो, यंत्राला खुशाल रंग द्या, पण आधी त्याचे ऐका. ते धडधाकट वाटत असतानाच त्याला तपासा. आणि त्याला हात लावण्यापूर्वी त्याची वीज तोडा. आम्हाला तुमची कितीही माया असली, तरी आपणहून थांबता येत नाही.