विश्रांतवाडीचं छोटं इंटरनेट

पूर्णिमा मेश्रामचा शोधनिबंध तिसऱ्यांदा परत आला. सोबत परीक्षकांचा शेरा होता: ‘संगणकातल्या लुटुपुटीच्या जाळ्यात सगळंच चालतं. खऱ्या माणसांत चालवून दाखवा.’

यवतमाळहून पुण्याला पीएच.डी.साठी आलेल्या पूर्णिमाचा विषय होता उद्याच्या इंटरनेटची रचना. आज एखादा व्हिडिओ मागितला, की आपला फोन कुठल्या तरी दूरच्या यंत्राचा पत्ता गाठतो. तिचं म्हणणं होतं, पत्ता हवाच कशाला? हव्या त्या गोष्टीचं नाव घ्यावं आणि ती ज्या जवळच्या यंत्राकडे असेल त्यानेच ती द्यावी. पण हे करून बघायला खरी माणसं आणायची कुठून?

“आमच्या अभ्यासिकेत चल,” तिची खोलीतली मैत्रीण अक्षता म्हणाली. “साठ जण एकाच वेळी एकच लेक्चर लावतात आणि कुणालाच दिसत नाही. याहून खरी माणसं तुला कुठे मिळणार?”

अभ्यासिका विश्रांतवाडीतल्या बुद्धविहाराला लागून होती. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली तिथे दिवसभर बसत. दारावर पाटी होती: ‘इंटरनेट बंद आहे. विचारल्याने सुरू होत नाही.’ ती लिहिणारे, अभ्यासिका सांभाळणारे बाबुराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पूर्णिमाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे नवीन इंटरनेट आमच्यावर पडणार. पडू द्या. जुनं तसंही उठत नाहीये.”

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सुटे भाग आणून पूर्णिमाने सहा डबे, म्हणजे छोटे संगणकच, तयार केले आणि ते अभ्यासिकेत जागोजागी ठेवले. एकदा आलेलं लेक्चर हे डबे जपून ठेवणार आणि पुढे मागेल त्याला देणार. रविवारी सकाळी नऊला साठ फोन सुरू झाले आणि कुणाचाही अडखळला नाही. पूर्णिमाला नाचावंसं वाटलं.

दहा मिनिटांनी अक्षता ओरडली, “अगं, मी राज्यघटना लावली होती. हे सर गोदावरीच्या उपनद्या सांगतायत!”

अर्ध्या अभ्यासिकेत तेच चाललं होतं. कुणीतरी चुकून भूगोलाच्या लेक्चरला राज्यघटनेचं नाव दिलं होतं आणि डब्यांनी ते मुकाट्याने वाटून टाकलं होतं. सगळे खो खो हसले. पूर्णिमाचे मात्र कान तापले.

“माल खरा आहे की नाही, हे तुमचे डबे बघत नाहीत?” बाबुरावांनी विचारलं.

“बघू शकतात, काका. पण एका लेक्चरचे हजारो तुकडे असतात. प्रत्येकावरची, लेक्चर बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासायला लावली, की एवढासा डबा गुडघे टेकतो. म्हणून मी ते बंद ठेवलं होतं.”

“मी चौतीस वर्षं टपालात होतो. आम्ही प्रत्येक पत्र हुंगत बसायचो असं वाटतं तुम्हाला?”

“मग काय करायचात?”

“थैलीचं सील बघायचं. आत यादी असायची, तिच्यावरची सही बघायची. मग यादीप्रमाणे नग जुळवायचे. संपलं.”

अशा यादीबद्दल पूर्णिमाने वाचलेलं होतं, पण मोठ्या यंत्रांच्या संदर्भात. आपल्या डब्यांना ती पेलेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. सही एकदाच, फक्त यादीवर. यादीत प्रत्येक तुकड्याची खूण. मग नुसत्या खुणा जुळवायच्या, आणि ते काम तर डबा चुटकीसरशी करेल.

चार दिवस ती प्रयोगशाळेतून फक्त जेवायला उठली.

पुढच्या रविवारी तिने मुद्दामच एक खोटं लेक्चर सोडलं. डब्यांनी ते दारातच अडवलं. खरं लेक्चर साठही फोनवर सुरळीत चाललं. अक्षताने शिट्टी वाजवली, तर बाबुरावांनी शांतता राखण्याची सूचना केली. पण स्वतः मिशीतल्या मिशीत हसत होते.

पावसाळा संपता संपता निबंध स्वीकारला गेला. शेवटी आभारात बाबुराव कांबळे हे नाव छापलेलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“नाव बरोबर आहे. पण पोरी, अशा हजार अभ्यासिका झाल्या, तर कुठल्या नावाचं लेक्चर कुठल्या डब्यात, हे लक्षात कोण ठेवणार?”

पूर्णिमा हसली. “ते अजून कुणालाच नीट जमलेलं नाही, काका.”

“मग उभी का? बस,” बाबुराव खुर्ची ओढत म्हणाले. “चहा सांगतो.”